"ड्युटीवर सिस्टर कोण होती?" हा प्रश्नच चुकीचा आहे!

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. तुम्हीही पाहिला असेल. सरकारी दवाखान्याचा वॉर्ड, रात्रीचा एक वाजलेला. एका आजोबांची सलाईन संपलेली, नळीत रक्त उलटं चढलेलं. नातेवाइकांनी 'आपल्या माणसाला' फोन लावला. माणूस चार पोरं घेऊन आला, मोबाईल सुरू केला आणि टेबलापाशी उभ्या असलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या सिस्टरला झापायला सुरुवात केली. "पगार कशाचा घेता?" "झोपला होतात का?" "नाव सांगा तुमचं, नाव!" पोरगी रडायला लागली. व्हिडिओ तिथंच संपतो.

दुसऱ्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस. आणि भाऊंवर अभिनंदनाचा वर्षाव. "असा दणका पाहिजे!"

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या वॉर्डात जाऊन आलो. व्हिडिओत जे दिसत नाही ते सांगतो. खाटा तीस. त्या रात्री पेशंट त्रेचाळीस, म्हणजे तेराजण खाली गादीवर. सिस्टर एक. मावशी एकच, तीही दोन वॉर्डांत मिळून. आणि ज्या वेळी आजोबांची सलाईन संपली, त्या वेळी ही पोरगी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला औषध प्यायलेल्या एका शेतकऱ्याजवळ डॉक्टरांबरोबर उभी होती. औषध प्यायलेला पेशंट म्हणजे काय असतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. त्याच्या डोळ्याच्या बाहुल्या, नाडी, छातीतली घरघर बघत बघत इंजेक्शनचं प्रमाण ठरवावं लागतं. नजर हटवून चालत नाही.

तो शेतकरी वाचला. त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

मित्रांनो, मी त्या पोरीची वकिली करायला बसलो नाही. सलाईन संपून नळीत रक्त येणं ही चूकच आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत झालं असतं तर मीही चिडलो असतो. पण मी तिथल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारला: रात्री हिच्यावर कोण? म्हणजे वॉर्ड भरलाय, एक पेशंट सिरीयस आहे, मला हात पाहिजे, असं हिनं सांगायचं कुणाला?

उत्तर मिळालं, "कुणालाच नाही."

त्या वॉर्डात परिसेविकेचं पद आहे, पण रिकामं. एका सिनिअर सिस्टरला तोंडी सांगून इन्चार्ज केलंय. ती सकाळी येते, दुपारी जाते. आणि रात्री सगळ्या दवाखान्यात फिरून बघणारी सुपरवायझर सिस्टर? ती पद्धत म्हणे बंद पडली. कधी बंद पडली तेही कुणाला नीट आठवेना.

माझं म्हणणं इथं सुरू होतं. आपल्या दवाखान्यांत नर्सच्या कामावर देखरेख करणारी बाई नाहीशी झालीय. आणि जिथं ती आहे तिथं तिला आपण स्टोअरकीपर करून टाकलंय.

ज्यांना ही उतरंड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण ज्यांना 'सिस्टर' म्हणतो त्या सरकारी भाषेत अधिपरिचारिका. त्यांच्या वर वॉर्डाची प्रमुख, परिसेविका, म्हणजे आपली इन्चार्ज सिस्टर. तिच्या वर सहाय्यक अधिसेविका, आणि सगळ्यांत वर अधिसेविका, जिला जुनी माणसं अजून मेट्रन म्हणतात. मेट्रन वॉर्डात शिरली की डॉक्टरसुद्धा सिगारेट विझवायचे, असं आमच्या गावचे एक निवृत्त कंपाउंडर सांगतात. थोडं मीठमसाला लावून सांगत असतील. पण दरारा होता, आणि तो पेशंटच्या कामाचा होता.

या बाईचं काम काय? मी एका निवृत्त परिसेविकाताईंकडे दोन तास बसलो. चौतीस वर्षं नोकरी. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत देतो.

ड्युटी लावायची ती नुसती नावं भरून नाही. नवी पोरगी आणि जुनी पोरगी अशी जोडी लावायची. दोन्ही नव्या रात्रीला टाकल्या तर वॉर्ड देवाच्या भरवशावर. पाळी बदलताना 'ओव्हर' होतो, म्हणजे जाणारी सिस्टर येणारीला एकेक पेशंट समजावून देते. तो टेबलावर बसून वहीत करायचा नाही, खाटेपाशी उभं राहून करायचा. इन्चार्जनं तिथं हजर राहायचं. इमर्जन्सीच्या ट्रॉलीत सगळी इंजेक्शनं आहेत का, मुदत संपली का, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का आणि त्याची चावी जागेवर आहे का, सक्शन मशीन चालतं का, हे रोज हात लावून बघायचं. "मशीन दिसतंय म्हणजे चालतंय असं नसतं हो," ताई म्हणाल्या. पडून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून देतात की नाही ते बघायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वॉर्डात सगळ्यांत सिरीयस पेशंट कोण, हे तिच्या डोक्यात चोवीस तास पाहिजे. त्याची खाट टेबलाजवळ आणायची. हात कमी पडले तर शेजारच्या वॉर्डातून सिस्टर ओढून आणायची.

गेल्या आठवड्यातल्या त्या रात्री नेमकं हेच कुणी केलं नाही. कारण ते करणारी खुर्चीच रिकामी होती.

आता ताईंना विचारलं, तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत? त्या हसल्या. "चादरी मोजल्या."

धोब्याकडे किती गेल्या, किती आल्या. फाटलेल्या किती. गाद्या किती, स्टँड किती, बेडपॅन किती. डेड स्टॉक रजिस्टर त्यांच्या नावावर. एक स्टीलचा ड्रम सापडेना म्हणून निवृत्तीच्या वेळी ना-देय दाखला अडला. चौतीस वर्षांत किती पेशंट वाचवले ते विचारायला कुणी आलं नाही, ड्रम विचारायला आले. शिवाय इंडेंट, औषधांची मागणी, ऑनलाईन नोंदी, तपासणी पथक यायच्या आधी फायली रंगवणं, मंत्री येणार म्हटलं की पडदे बदलणं. पाळीतले निम्म्याहून जास्त तास कागदात. राहिलेल्या वेळात गेटवरच्या भांडणात मध्यस्थी.

एवढं करून तिच्या हातात अधिकार काय? एखाद्या खाटेजवळचा प्लग ठिणग्या मारतोय म्हणून ती खाट बंद करता येत नाही, अर्ज करावा लागतो. मशीन दुरुस्त होत नाही, अर्ज करावा लागतो. माणूस मिळत नाही, अर्ज करावा लागतो. अर्जाची पोच तिच्याकडे, उत्तर कुणाकडेच नाही.

आता जरा आठवा.

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा रुग्णालय. पहाटेच्या अंधारात नवजात बाळांच्या विभागाला आग लागली आणि १० बाळं गेली. ७ वाचवता आली. धूर निघतोय हे पहिल्यांदा ड्युटीवरच्या नर्सच्या लक्षात आलं. पुढं जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबन झालं, नर्सवरही कारवाई झाली, कंत्राटी नर्सना घरी पाठवलं आणि निष्काळजीपणाचा गुन्हाही नर्सवर दाखल झाला.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबर. अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग. आगीत ११ रुग्णांचा मृत्यू. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, पण त्या आठवड्यात पोलिसांनी अटक केली ती एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका यांना.

भंडाऱ्यात आणि नगरला कुणाची किती चूक, ते कोर्ट ठरवेल. मी निकाल देत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. वायरिंग नर्स करते का? फायर ऑडिट नर्स करते का? पाण्याचे फवारे बसवायचा निधी नर्सच्या टेबलावर अडतो का? आग लागते तेव्हा दोषींच्या यादीत नर्स सगळ्यांत आधी, आणि आग लागू नये म्हणून काय करायचं हे ठरवायची बैठक असते तेव्हा त्या खोलीत नर्सला खुर्चीसुद्धा नाही. जबाबदारी तिची, अधिकार दुसऱ्याचा. याला व्यवस्था म्हणत नाहीत, याला बळीचा बकरा पाळणं म्हणतात.

आणि इथं मला माझंही एक पाप सांगायचंय. साधारण पंधरा वर्षांपूर्वी, नवा नवा पेपरमध्ये होतो तेव्हा, एका दवाखान्यातल्या मृत्यूची बातमी मी केली होती. मथळा माझाच: 'परिचारिकेच्या हलगर्जीपणामुळे रुग्ण दगावला'. नातेवाइकांशी बोललो, डॉक्टरांशी बोललो, पोलिसांशी बोललो. परिचारिकेशी बोललो नाही. नंतर चौकशीत कळलं की ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडरच वॉर्डात नव्हता आणि त्याची मागणी तिनं आदल्या दिवशी वहीत लिहिली होती. तोवर तिची बदली झाली होती. मी खुलासा छापायला संपादकांच्या मागं लागलो नाही. आतल्या पानावर चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. त्यामुळे भाऊंना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी मोबाईलनं जे केलं ते मी पेननं करून बसलोय.

"मग काय, सिस्टर लोक म्हणजे देवी का?" असं कुणीतरी म्हणणारच. नाही. उर्मट बोलणाऱ्या आहेत. पेशंट कण्हत असताना मोबाईलवर बोट फिरवणाऱ्या आहेत. इन्चार्जमध्येही आहेत की! मर्जीतल्यांना दिवसपाळी, बाकीच्यांना रात्रपाळी लावणाऱ्या आहेत. ऑफिसातून न उठणाऱ्या मेट्रनही मी पाहिल्यात. पण दादा, हाच तर माझा मुद्दा आहे. कामचुकार सिस्टरला वठणीवर कोण आणणार? तुमचा व्हिडिओ? व्हिडिओ वर्षातून एकदा येतो. रोज रात्री दोन वाजता वॉर्डात पावलं वाजली पाहिजेत, ती सुपरवायझरची. चांगलीला आधार आणि वाईटाला धाक, दोन्ही एकाच बाईच्या येण्यानं होतं.

हे होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईचं केईएम. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अत्याचार झाला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं त्या त्याच दवाखान्यात पडून होत्या आणि केईएमच्या नर्सनी त्यांना सांभाळलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पंधरा दिवसांत बेडसोअर होतात, घरी आजारी माणूस सांभाळलेल्यांना विचारा. इथं नर्सनी ते होऊ दिले नाहीत. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या सेवेची मुक्त कंठानं दखल घेतली.

आपण हे ऐकून डोळे पुसतो आणि म्हणतो, किती माया! माया होतीच. पण नुसत्या मायेवर ४२ वर्षं निघत नाहीत. या काळात सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, मेट्रन बदलल्या. ज्या पोरींचा १९७३ मध्ये जन्मही झाला नव्हता त्यांनी शेवटी त्यांना सांभाळलं. एका पाळीनं दुसऱ्या पाळीला, एका पिढीनं दुसऱ्या पिढीला ओव्हर दिला आणि तो तुटू नये म्हणून कुणीतरी वर बसून बघत होतं. देखरेख म्हणतात ती हीच.

दर १२ मे ला आपण परिचारिका दिन करतो. नायटिंगेलबाईंच्या फोटोला हार, सिस्टरांना गुलाबाचं फूल, नगराध्यक्षांचं भाषण, 'दया, क्षमा, शांती'. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ही बाई गेली ती ३८ नर्सची प्रमुख म्हणून, आजच्या भाषेत सुपरवायझर म्हणूनच. तिनं गटारं साफ करून घ्यायला लावली, हवा खेळती करायला लावली, मेलेल्यांचे आकडे मांडले आणि लष्करी साहेबांशी भांडली. हातातला तो दिवा घेऊन ती काय करत होती? रात्रीचा राऊंड! आपण दिव्याची पूजा ठेवली आणि राऊंड बंद केला.

आता आकड्यांचं बोलू. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष आहे: शिकाऊ डॉक्टरांच्या मोठ्या रुग्णालयात ३ खाटांमागं एक नर्स, साध्या रुग्णालयात ५ खाटांमागं एक, आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी ३० टक्के जादा. आपल्याकडं त्या रात्री त्रेचाळीसला एक. जिथं नर्सच नाहीत तिथं नर्सवर देखरेख करणारी कुठून आणणार, असं साहेब लोक म्हणतात. मी उलटं म्हणतो. माणसं कमी असतात तेव्हाच देखरेख जास्त लागते. घरात पैसा कमी असला की हिशेब ठेवणारी बाई जास्त लागते, तसंच.

आणि माणसं कमी का? पदोन्नतीच्या याद्या वर्षानुवर्षं हलत नाहीत, म्हणून परिसेविकेच्या खुर्च्या रिकाम्या. मग सिनिअर सिस्टरला 'प्रभारी' करायचं, तेही तोंडी. ऑर्डर नाही, वाढीव पगार नाही, ज्युनिअर ऐकत नाही, डॉक्टर मोजत नाही. खालच्या जागा कंत्राटावर. अकरा महिन्यांची ऑर्डर असलेली पोरगी कुणाला "साहेब, हे चुकतंय" म्हणेल? मे २०२२ मध्ये राज्यातल्या नर्स कंत्राटी भरतीविरोधात संपावर गेल्या तेव्हा आपण बातमी काय केली? 'संपामुळे रुग्णांचे हाल.' संप नसताना होणाऱ्या हालाची बातमी केली नाही.

खाजगीवाल्यांनी हसू नये. आपल्या गावातल्या नर्सिंग होममध्ये 'सुपरवायझर' म्हणून जी व्यक्ती फिरते ती बऱ्याचदा नर्स नसतेच. ती पोरींची हजेरी लावते, उशीर झाला की पगार कापते आणि बिल भरलं का ते विचारते. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातच लिहिलंय की देखरेखीला आणि शुश्रूषेला पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. पंच्याहत्तर वर्षांहून जुना कायदा आहे. तो वाचून आपल्या गावात कुणी तपासणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग करायचं काय? माझ्या मागण्या लिहितो, कुणाला पटल्या नाहीत तर खोडून काढा.

एक, परिसेविका आणि अधिसेविकेची रिकामी पदं भरा. भरेपर्यंत जिला प्रभारी कराल तिला लेखी ऑर्डर आणि त्या पदाचा भत्ता द्या.

दोन, चादरी-गाद्या-ड्रमचा हिशेब भांडारपालाकडं द्या. नर्सच्या नावावर पेशंट ठेवा, डेड स्टॉक नको.

तीन, रात्रीची सुपरवायझर परत आणा. दवाखान्यात शंभर पेशंट झोपणार असतील तर त्यांच्यासाठी एक बाई फिरती जागी पाहिजे, जिला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात माणूस हलवायचा अधिकार असेल.

चार, ठिणगी मारणारा प्लग, बिघडलेलं मशीन, रिकामा सिलिंडर याबद्दल इन्चार्ज सिस्टरनं लेखी कळवलं की अमुक तासांत उत्तर द्यायचं बंधन वरच्या साहेबांवर घाला. आणि उत्तर आलं नाही तर ती खाट बंद करायचा अधिकार तिला द्या.

पाच, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत अधिसेविकेला बोलू द्या. आपले पुढारी तिथं रंगरंगोटी आणि पार्किंगच्या शेडवर बोलतात. पहिली दहा मिनिटं तिला द्या.

यातल्या तीन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. एक सही लागते.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपयांचं तिकीट लावून चार गोष्टी विचारल्यात: नर्सिंगची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, परिसेविकेचा कारभार कुणाकडं कोणत्या लेखी आदेशानं, रात्रीच्या राऊंडची वही कधीपासून बंद आहे, आणि गेल्या दोन वर्षांत इन्चार्ज सिस्टरांनी दुरुस्तीसाठी केलेले किती अर्ज पडून आहेत. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आलं की इथंच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो.

त्या पोरीच्या नोटिशीचं काय झालं? काल संध्याकाळपर्यंत ती कायम होती. तिनं उत्तरात लिहिलंय की त्या वेळी ती औषध प्यायलेल्या पेशंटजवळ होती आणि मदतीला कुणी नव्हतं. साहेबांनी उत्तर "असमाधानकारक" ठरवू नये. ठरवणार असतील तर आधी हे सांगावं की मदतीला कुणी का नव्हतं आणि ते बघायचं काम कुणाचं होतं.

आणि भाऊ, तुम्हाला एक विनंती. तुमचा राग खोटा नाही, तुमचं माणूस तिथं पडलेलं होतं. पण पुढच्या वेळी वॉर्डात मोबाईल काढाल तेव्हा सिस्टरच्या तोंडावर धरायच्या आधी भिंतीवरच्या ड्युटी चार्टवर धरा. पेशंट किती, सिस्टर किती, इन्चार्ज कोण, रात्रीची सुपरवायझर कोण, ते वाचून दाखवा. तो व्हिडिओ मी स्वतः शेअर करतो.